अठ्ठावन्न, साठ, पासष्ट

आम्हा पुसदकरांकडे निवृत्तीचे वय हा घरातलाच वाद. राज्याचा कर्मचारी ५८ व्या वर्षी घरी बसतो, शिपाई ६०ला. केंद्राने तर १९९८ मध्येच ६० केले. मग आम्हाला का नाही, असे झेडपीचे मास्तर विचारतात. पण त्याच घरात डी.एड. झालेला मुलगा भरतीची वाट पाहतो. बापाची दोन वर्षे वाढली की त्याची जागा तेवढी लांबते, आणि खुल्या प्रवर्गात ३८ला दार बंद. शिवाय नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३चा संप त्यासाठीच झाला.

आमचा कल मुलाकडे. तरी टोचते ते निराळेच. आमच्या खाला लोकांच्या शेतात कापूस वेचतात. त्यांच्यासाठी आहे श्रावणबाळ योजना. तिच्या सरकारी नावात ‘निवृत्तीवेतन’ हा शब्द आहे बरे का! महिना १५०० रुपये, तेही वयाची ६५ वर्षे झाल्यावर. खुर्चीवरचा माणूस ५८ला थकतो आणि उन्हात वाकणारी बाई ६५ पर्यंत थकत नाही, हा हिशेब कुठला? खालांना जन्मसाल ठाऊक नाही. आधार कार्डावर १ जानेवारी आहे; मोहल्ल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची तारीख तीच.