माटवीची चौकट

चिऱ्याच्या भिंतीला गिलावा केला की घर नवं दिसतं, पण ते नवेपण पावसाळ्याला पुरत नाही. आमच्या कोकण किनारपट्टीवर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय वारा खारा. श्रावण येईतो कोपऱ्यातून ओल चढते, रंगाचे पापुद्रे सुटतात, प्लायवूडचं कपाट फुगून बसतं. म्हणून मला उघडा चिरा आवडतो. दरजा तेवढ्या नीट भरलेल्या असाव्यात. तिरपं ऊन त्या भोकाभोकांच्या तांबड्या दगडावर पडलं की भिंतीवर आणखी काही टांगावंसं वाटत नाही. ऊन आत आणायचं तर कौलांत एक काचेचं कौल बसवावं. उजेडाचा तो चौकोन सकाळी माजघराच्या भिंतीवर असतो, दुपारी जमिनीवर उतरतो, आणि घर दिवसभर बदलत राहतं.

मला घराच्या सजावटीत हे बदलणंच सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि ते माटवीइतकं दुसऱ्या कशात दिसत नाही. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी पट्ट्यांची साधी चौकट ती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोरं रान धुंडाळून येतात. नारिंगी कवंडळं, हरणाची पिवळी फुलं, तेरडा, कांगण्यांचे घोस, आंब्याचे टाळ. परसातलं तवसं आणि चिबूड, पोफळीवरून उतरवलेला सुपाऱ्यांचा घड. मग एक जण स्टुलावर चढतो आणि खाली बसलेली आजी मान वर करून सांगत असते, "नारळ कडेक बांध रे, मदी नको!" जड वस्तू गाठींजवळ, हलकी फुलं मध्ये, लोंबतं ते काठाला. रंगसंगती कुणी शिकवलेली नसते, तरी नारिंगीशेजारी हिरवं येतंच. खोलीला रानाचा ओला वास भरून राहतो. विसर्जनानंतर ते सगळं उतरतं. कित्येक घरांत चौकट मात्र वर्षभर तशीच, रिकामी.

हल्ली शोकेसमध्ये वस्तू एकदा ठेवली की ती तिथेच म्हातारी होते. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं मला फार प्रिय आहेत, रंगवणाऱ्याचा हात असा की आंब्याला देठाजवळ पिवळसर छटासुद्धा चुकत नाही. पण पंचवीस फळं मांडली की घराचं दुकान होतं. खिडकीत एकच ठेवावं, बाकीची कापडात गुंडाळून पेटीत. सणासुदीला अदलाबदल करावी.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी तर मुळात बदलण्यासाठीच आहे. ठाकर समाजाचे कलावंत एकेका आख्यानाच्या सुट्या चित्रांची पोथी बांधतात आणि रामायण-महाभारताची कथा सांगत एकामागून एक चित्र पुढे धरतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी गोठ्यातच कलेचं संग्रहालय उभं केलं. तिथून चित्रं आणणार असाल तर एकाच कथेतली चार-पाच आणा, भिंतीवर एक लावा, महिन्याने पुढचं. घरातली मुलं आपणहून विचारतील, पुढे काय झालं? चौकट करून घेताना मात्र सुताराला आधीच सांगून ठेवा, मागची फळी खिळ्यांनी ठोकू नकोस, फिरक्या लाव. चित्र सहज काढता-घालता आलं पाहिजे.