उघड्या डोळ्यांनी

डोळ्यांच्या दवाखान्यात आत्याची दृष्टिक्षेत्राची तपासणी होती. हनुवटी टेकवायची, समोरच्या पांढऱ्या घुमटात कुठेही बारीकसा प्रकाश चमकला की हातातलं बटण दाबायचं. एकदा पापण्या आहेत तशा ठेवून, मग चिकटपट्टीने त्या वर ताणून धरून. पापणीने किती नजर अडवली आहे, ते दोन तक्त्यांच्या फरकावरून कळतं. वयाने आत्याच्या भुवईखालची कातडी सैल पडलीय, पार पापणीच्या केसांवर येऊन टेकलीय. तंत्रज्ञ मुलीने पट्टी लावली आणि उघड्या डोळ्यावर पापणीचा रुंद, फिकट पट्टा दिसला. माझ्या ओळखीच्या चेहऱ्यावर ती जागा नव्हतीच. मला भरून आलं. का, ते तिथे समजलं नाही. रिक्षात बसल्यावर कळलं, की आत्याला अशी जागा मिळाली असती तर तिने त्यावर काय काय काढलं असतं, याचाच विचार माझ्या मनात चालला होता.

डोळे मी आत्याचे घेतलेत. घरात कुणालाही विचारा, 'आत्यावर गेलीय' हेच ऐकू येईल. भुवईखालची कातडी डोळा उघडताच खाली येते आणि पापणीची घडी तिच्याआड जाते. हल्ली याला 'हुडेड आइज' म्हणतात. आमच्या लहानपणी 'झोपाळू डोळे' म्हणत. वर्गात बाई विचारायच्या, रात्री जागलीस का गं? मी रात्री नऊलाच झोपलेली असे.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचं काम आवाजाचं. लायनर तिथे कुणाला दिसणार? तरी ती रोज काढायची. 'अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस' आला 1967 मध्ये, तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची. शर्मिला टागोरच्या डोळ्यांच्या कडेने वर गेलेली ती काळी रेघ तिच्या पिढीतल्या किती मुलींनी आरशापुढे गिरवली असेल! तोवर घरात काजळ होतं ते आजीच्या हातचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं धरायचं, धरलेली काजळी खरवडायची, तुपात खलायची, वर चिमूटभर भीमसेनी कापूर. ते डोळ्यांच्या आत घालायचं. पापणीवर, बाहेर, कानाच्या दिशेने रेघ ओढायची ही गोष्ट आजीला बिलकूल पसंत नव्हती.

मला आठवतं ते असं. गोदरेजच्या कपाटाचा आरसा, समोर आत्या, हनुवटी थोडी वर. हातात बारीक कुंचला, कोपर कपाटाच्या दाराला टेकलेलं. डोळे सताड उघडे. कुंचला कानाच्या बाजूने येतो आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याला भिडतो. आजी स्वयंपाकघरातून, "पुरे तो नट्टापट्टा, गाडी चुकेल." आत्या ओठसुद्धा हलवत नाही. मग रेघ वाळावी म्हणून डोळे मिटते, आणि मला दिसतं की मिटलेल्या पापणीवरची रेघ मध्येच मोडलीय. सरळ जाता जाता तिला एक खाच पडलीय, आणि पुढे ती उंचावरून परत सुरू झालीय. मी ओरडते, "आत्या, वाकडं झालं!"

डोळे मिटलेलेच ठेवून आत्या म्हणाली, "मिटलेल्या डोळ्यांनी मला कोण बघणारे?"

आणि उघडले. रेघ सरळ. सुरीसारखी.

हे गणित माझ्या हातात यायला पुढे बरीच वर्षं गेली. आमच्या डोळ्यांत बाहेरच्या कोपऱ्याशी कातडीची घडी असते आणि रेघेला तिच्यावरून जावं लागतं. डोळा मिटून, पापणी ताणून काढलेली सुंदर रेघ डोळा उघडल्याबरोबर घडीत जाते आणि वरच्या कातडीवर तिचा काळा ठसा उमटतो. म्हणून आरशात सरळ बघायचं, भुवया सैल सोडायच्या. खालच्या पापणीची कड जिकडे निघालीय तिकडेच, तिच्या पुढे एक ठिपका द्यायचा. डोळा उघडा ठेवूनच त्या ठिपक्यापासून आत, घडीवरून, रेघ आणायची. मग डोळा मिटून घडीत राहिलेली खाच भरून काढायची. नाकाच्या बाजूला रेघ केसाएवढी बारीक, जाडी फक्त शेवटच्या तिसऱ्या भागात. लायनर पाण्याने न पसरणारं हवं, आणि ते पुरतं वाळेपर्यंत वर बघायचं नाही. मिटल्यावर जे दिसतं ते विचित्रच दिसतं. ते तसंच असायला हवं.

माझ्या लग्नात मेकअप करायला आलेल्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नसल्याचं मला काही वाटलं नसतं. पण दोनदा पुसून झाल्यावर त्या माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "हिच्या डोळ्यांना जागाच नाही, काय काढू?" आई गप्प झाली. तो राग मी सोडलेला नाही. त्यांच्या पार्लरमध्ये इजिप्तची राणी नेफर्टिटी हिच्या अर्धपुतळ्याचं मोठं चित्र होतं, इतकं मात्र लक्षात आहे. 1912 मध्ये अमार्ना इथे लुडविग बोर्खार्टच्या पथकाला सापडलेला तो अर्धपुतळा आज बर्लिनमध्ये आहे. त्याचा डावा डोळा कोरा आहे. बुबुळ बसवलेलंच नाही, तरी पापणीची काळी कड मात्र पुरी. इजिप्तमधलं ते काजळ गॅलेना या शिशाच्या खनिजाचं. लूव्र संग्रहालयातल्या कुप्यांमधल्या भुकटीवर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये लिहिलं, की त्यात मुद्दाम तयार करून मिसळलेले शिशाचे क्षार अगदी थोड्या प्रमाणात डोळ्यांना जंतूंपासून वाचवत असावेत. शिसं विषारी, हे खरंच. पण जिथे बुबुळच नाही त्या डोळ्यालाही कुणी शिल्पकाराने मन लावून कड काढली, आणि माझ्या दोन धडधाकट डोळ्यांना जागा नव्हती!

आत्याची रीत मला पुन्हा दिसली ती पुण्याच्या हॉस्टेलमध्ये. खोलीतली मैत्रीण इंफाळची. तिच्या पापणीला घडीच नव्हती, म्हणजे माझ्याहून वेगळा डोळा. पण आरशापुढे उभी राहिली की तशीच हनुवटी वर, डोळे उघडे, कानाच्या बाजूने येणारा हात. कुठे शिकलीस, विचारलं तर म्हणाली, कोरियन मालिकांमधून. मणिपूरमध्ये 2000 साली एका सशस्त्र संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली. थिएटरं ओस पडली, आणि त्या पोकळीत कोरियन मालिका आणि त्यांच्या सीडी घरोघर गेल्या. शर्मिला टागोर आत्याला मिळाली, तशी हिला सोलची कुणी नटी. त्या नट्यांपैकी काहींनी पापणीला घडी पाडून घेतलीय, हेही तिनेच सांगितलं. ती शस्त्रक्रिया पहिल्यांदा प्रसिद्ध झाली जपानमध्ये, 1896 साली. मिकामो नावाच्या डॉक्टरने ती लिहून ठेवली. मैत्रिणीला तशी घडी नको होती. "मला माझे डोळे दिसायला हवेत," म्हणायची.

फर्ग्युसन रस्त्यावर तिला डोळ्यांवरून जे ऐकावं लागायचं ते मी इथे लिहिणार नाही. मराठीत, हसत, आम्ही दोघी शेजारी चालत असताना लोक म्हणायचे. मलाही लहानपणापासून डोळ्यांवरून बोललेत. पण मला कुणी गाव विचारलं नाही, परत जा म्हटलं नाही. असं काही झालं की दुसऱ्या दिवशी तिची रेघ अधिक जाड, अधिक लांब असायची. मीही माझी तेवढीच लांब काढायचे. एवढंच करता येत होतं.

2023 च्या मे महिन्यात मणिपूर पेटलं आणि तिथलं इंटरनेट कित्येक महिने बंद राहिलं. अधूनमधून साधा फोन लागे. ती म्हणायची, आम्ही आहोत. घर सोडून ते सगळे दुसऱ्या जिल्ह्यात मावशीकडे राहत होते. तिची भाची आता पुण्यात शिकायला येतेय आणि तिच्यासाठी खोली शोधायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात एका घरमालकीणबाईंनी भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, मग गाव विचारलं. इंफाळ ऐकल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "म्हणजे तशी दिसते का?"

"तिच्या मावशीसारखी दिसते," मी म्हणाले आणि जिना उतरले. सदाशिव पेठेत आणखी दोघांना सांगून ठेवलंय. उद्या सकाळी कर्वेनगरची एक जागा बघायची आहे. भाडं थोडं जास्त आहे, पण खोलीला स्वतंत्र दार आहे. आरसा खिडकीसमोर लावता येतो का, तेही बघून घेईन. आमच्यासारख्या डोळ्यांना उजेड समोरून लागतो.