दोन पहारेकरी

आमच्या संस्थेचा कारभार सध्या दोन घरांत चालतो. एक घर कचेरीतले. लोखंडी कपाटाशेजारी एक सर्व्हर ठेवलेला आहे, त्यात तीन शाळांच्या मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते, पालकांचे फोन आणि गुण आहेत. दुसरे घर भाड्याचे, क्लाउडमधले. पालक मोबाइलवर निकाल पाहतात ते पान या भाड्याच्या घरात राहते. दोन घरांना जोडणारा एक बंदिस्त रस्ता इंटरनेटमधूनच काढलेला आहे, त्याला व्हीपीएन म्हणतात. अशा दुहेरी संसाराला जाणकार लोक हायब्रिड क्लाउड म्हणतात. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवते. निकालाचे हे काम माझ्याकडे का आले ते विचारू नका. शाळेत ज्याला माऊस धरता येतो तो संगणकतज्ज्ञ असतो.

एका निकालाच्या दिवशी चमत्कारिक प्रकार झाला. पान उघडत होते, हजेरी क्रमांक टाकता येत होता, पण पुढे गुण येत नव्हते. नुसते चाक फिरत राही. पालकांचे फोन सुरू झाले. गाव सोडून गेलेल्या एका मुलीच्या आईला त्याच दिवशी नव्या शाळेत गुण दाखवायचे होते. ज्या एजन्सीकडे देखभालीचे काम होते तिचा माणूस म्हणाला, "मॅडम, सगळे नियम उघडे करून टाकतो, दोन मिनिटांत चालू होईल." मी विचारले, "सगळे म्हणजे काय?" तो म्हणाला, "सगळे म्हणजे सगळे."

तीन शाळांच्या मुलींचे पत्ते आणि फोन क्रमांक ज्या वाटेने जातात, त्या वाटेवरचे 'सगळे' उघडायचे, हे मला रुचले नाही. मी त्याला थांबायला सांगितले आणि पुण्याला भाच्याला फोन लावला. तो एका कंपनीत नेटवर्कचे काम करतो, बहुतेक रात्रपाळीला. त्याने दहा मिनिटे प्रश्न विचारले आणि मग म्हणाला, "खाला, सवाल बाहेर गेलाय. जवाबाला आत यायची परवानगी कुणी लिहिलेलीच नाही."

या एका वाक्यात सगळे आले होते, पण ते मला समजायला आणखी दोन संध्याकाळी लागल्या.

नेटवर्कवरचा मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोघांचे पोर्ट क्रमांक असतात. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतल्या खिडक्या समजा, ० पासून ६५५३५ पर्यंत. सुरक्षित संकेतस्थळाची खिडकी ४४३, मायएसक्यूएल या डेटाबेसची नेहमीची खिडकी ३३०६. मात्र सवाल विचारणारे मशीन स्वतःसाठी दर वेळी एक तात्पुरती खिडकी उघडते. लिनक्सवर ती साधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ यांपैकी कोणतीही असते. जवाब त्याच तात्पुरत्या खिडकीवर परत यायचा असतो.

आता पहारेकऱ्यांचे पाहू. ते दोन जातींचे असतात. पहिला स्मरण ठेवतो, त्याला इंग्रजीतून आलेल्या भाषेत स्टेटफुल म्हणतात. आतून कोणी बाहेर गेले की तो वहीत टिपून ठेवतो, आणि जवाब परत आला की वही पाहून आत सोडतो. जवाबासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. दुसरा स्टेटलेस. त्याच्याकडे वही नाही, फक्त भिंतीवर लावलेली नियमांची पाटी आहे. प्रत्येक पॅकेट त्याला नवेच. मघाशी कोण गेले, हे कशाचे उत्तर आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे जाण्याचा नियम वेगळा आणि येण्याचा नियम वेगळा, दोन्ही पाटीवर लिहावे लागतात.

भाच्याने ॲमेझॉनच्या व्यवस्थेचे उदाहरण दिले, कारण तो त्यावरच शिकला. तिथे दोन्ही पहारे एकामागे एक असतात. यंत्राच्या दाराशी 'सिक्युरिटी ग्रुप', तो स्मरण ठेवणारा. त्याच्या यादीत फक्त परवानग्या लिहिता येतात, नकार लिहिता येत नाही. यंत्रांच्या गल्लीच्या, म्हणजे सबनेटच्या, तोंडाशी 'नेटवर्क एसीएल', तो स्मरण न ठेवणारा. त्याच्या पाटीवर परवानगी आणि नकार दोन्ही लिहिता येतात. नियमांना क्रमांक असतात, लहान क्रमांक आधी वाचला जातो आणि जो नियम आधी लागू पडतो तो अखेरचा. अशी पाटी नव्याने केली तर नियम लिहीपर्यंत ती येणे-जाणे दोन्ही अडवते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीही असाच विसरभोळा पहारेकरी होता. पालकांना ४४३ मधून आत यायची परवानगी होती आणि त्यांच्याकडे जवाब जायचीही होती, म्हणून पान उघडत होते. पानाने कचेरीच्या सर्व्हरला ३३०६ वर गुण विचारायचे, त्यालाही परवानगी होती. कचेरीने गुण पाठवलेही. पण ते ज्या तात्पुरत्या खिडकीवर येत होते तिच्याबद्दल पाटीवर एक अक्षर नव्हते. उपाय सगळे उघडण्याचा नव्हता. फक्त कचेरीच्या पत्त्यावरून, फक्त ३२७६८ ते ६०९९९ या खिडक्यांवर येऊ द्यावे, एवढी एक ओळ पुरली. संध्याकाळच्या आत गुण दिसू लागले आणि आमची पाटी जगाला उघडी पडली नाही.

मला हे समजताना माझी लिपीच मदतीला आली. उर्दूत 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात, मध्ये दुसऱ्या, शेवटी तिसऱ्या रूपात येते. मागचे अक्षर कोणते होते हे हाताला लक्षात ठेवावेच लागते. पण अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरे मागच्याला हात देतात आणि पुढच्याला देत नाहीत. त्यांच्यानंतरचे अक्षर जणू काही झालेच नाही अशा थाटात नव्याने सुरू होते. दोन्ही स्वभावांची अक्षरे असतात म्हणून शब्द वाचता येतो. नेटवर्कमध्येही कोणता पहारेकरी चांगला, हा प्रश्न तसा चुकीचाच.

जुन्या काळी बहुतेक पहारे विसरभोळेच होते. स्मरण ठेवणारी फायरवॉल बाजारात रुजवली ती चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने, १९९४ मध्ये. लिनक्समध्ये ही वही २.४ या आवृत्तीबरोबर जानेवारी २००१ मध्ये आली. लिनक्सच्या मूळ बेतानुसार जुळलेले पण गप्प पडलेले संभाषण ही वही ५ दिवस जपते. ऐकायला छान वाटते, पण वहीची पाने मोजकी असतात. वही भरली की पहारेकरी नव्या पाहुण्याला परत पाठवतो, मग तो कितीही सज्जन असो.

स्मरणाची ही किंमत जगाने १९९६ च्या सप्टेंबरमध्ये पाहिली. न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेवर खोट्या पत्त्यांवरून 'मी येतो' अशा निरोपांचा लोंढा सोडण्यात आला. सर्व्हर प्रत्येकासाठी जागा राखून वाट पाहत बसला, कोणी आलेच नाही, आणि खऱ्या ग्राहकांना जागा उरली नाही. त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन यांनी एक युक्ती सुचवली. सर्व्हरने काहीच लक्षात ठेवू नये. परत पाठवायच्या क्रमांकातच आपली खूण हिशेबाने दडवावी. खरा पाहुणा तो क्रमांक घेऊन येईल, खोट्याला तो मिळणारच नाही. 'सिन कुकीज' नावाने ही युक्ती आजही वापरात आहे.

दोन घरांच्या संसारात आणखी एक पेच असतो. भाचा म्हणतो की त्याच्या पुष्कळ रात्री त्यातच जातात. एक लाइन बंद पडली तर अडू नये म्हणून कचेऱ्या दोन लाइनी घेतात आणि प्रत्येकीच्या तोंडाशी स्मरण ठेवणारा पहारेकरी बसवतात. सवाल पहिल्या दाराने येतो, जवाब दुसऱ्या दाराने निघतो. दुसऱ्या दारावरच्या वहीत या संभाषणाची सुरुवातच नाही. तो म्हणतो, तू कोण? आणि अडवतो. पहिला पहारेकरी इमानदार, दुसराही इमानदार, तरी काम बंद. मग एकतर जाणे-येणे एकाच वाटेने ठेवायचे, नाहीतर दोन्ही वह्या एकमेकींशी जुळत्या ठेवायच्या.

विसरभोळ्याचा गुण मला उशिरा कळला. पुढे त्या एजन्सीचा करार संपला आणि तिच्या प्रवेशाचा नियम काढायचा होता. भाचा म्हणाला, "खाला, सिक्युरिटी ग्रुपमधून नियम काढलात तरी वहीत नोंदलेलं चालू बोलणं तिथल्या तिथे तुटत नाही. ते तोडायचं असेल तर गल्लीच्या पाटीवर नकार लिहा." परवानगीचा क्रमांक १०० असेल तर नकाराचा ९०, म्हणजे तो आधी वाचला जातो. ज्याला कालची ओळख आठवत नाही, त्याच्यापुढे कालच्या ओळखीचा वशिलाही चालत नाही.

तेव्हापासून मी कचेरीत एक साधे रजिस्टर ठेवले आहे. डाव्या रकान्यात जाणारे, उजव्या रकान्यात येणारे, शेवटी कोणासाठी आणि कधीपर्यंत. आमच्या लिपिकांना संगणक फारसा कळत नाही, पण उजवा रकाना रिकामा दिसला की ते मला हाक मारतात. तुमच्याही शाळेची नावे-गावे एव्हाना अशा दोन घरांत राहायला गेली असतील. उद्या कोणी म्हणाले की सगळे उघडतो, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा, कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या खिडकीवर, आणि कधीपर्यंत?