अहो, ब्लॉक सुमोचा आहे!

४८३! आधी एवढा आकडा लक्षात ठेवा. मला तो परवा कळला आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी तोच सांगत सुटलोय! मी गाड्यांतला जाणकार नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. स्टेपनी बदलायलाही मला कुणीतरी मदतीला लागतं. पण मला कळलं ते तुम्हालाही कळेल, तेव्हा चला माझ्याबरोबर!

गाडी आहे टाटा सिएरा टर्बो. माझी! माझ्या दारात! आठवते का सिएरा? १९९१ साली टेल्कोनं बाजारात आणलेली, पुण्यात बनलेली, बाजूला दोनच दारं, मागे स्टेपनी अडकवलेलं तिसरं दार, आणि मागच्या सीटच्या बाजूला ती छतापर्यंत वळत गेलेली अख्खी काच! मागे बसलं की आभाळ दिसतं हो! पुढे १९९७ मध्ये टर्बो आली. त्यातली ही एक, एमएच २३, म्हणजे आपल्या बीडचीच.

तर गाडीबरोबर कागदांची एक फाईल मिळाली. रात्री सहज चाळत बसलो आणि त्यात आरसीच्या दोन प्रती निघाल्या, एक जुनी, एक नंतरची. चासी नंबर दोन्हींवर तोच. रंग तोच. आणि इंजिन नंबर वेगळा! पुन्हा पाहिलं. वेगळाच! झोप कसली लागतेय? आणि मग उजाडल्या उजाडल्या गाडी काढून उस्तादांच्या गॅरेजवर गेलो, आणि मग त्यांचा चहा होईपर्यंत कसाबसा थांबलो, आणि मग त्यांनी बोनेट उघडलं, चिंधी रॉकेलमध्ये बुडवून इंजिनच्या ब्लॉकचा एक कोपरा पुसला, तारेच्या ब्रशनं घासला, वर कागद धरून पेन्सिल फिरवली, आणि त्या कागदावर एकेक आकडा उमटत आला! ठोकलेले, किंचित वाकडेतिकडे आकडे! आरटीओत पासिंगला अशीच पेन्सिल प्रिंट घेतात म्हणे. नंबर निघाला नंतरच्या आरसीवरचा.

उस्ताद हसले. म्हणाले, "सुमोचा ब्लॉक हाय साहेब. नंबर दुसरा, पर घराणं तेच हाय!"

झालं असं होतं की एका उन्हाळ्यात रेडिएटरमधलं पाणी संपलं, इंजिन तापलं आणि मूळ ब्लॉकला तडा गेला. तेव्हाच्या मालकांनी गाडी भंगारात घातली नाही! त्यांनी काळी-पिवळीत धावून निवृत्त झालेल्या एका सुमोचं हाफ इंजिन मिळवलं, बोअरिंग करून घेतलं आणि आरटीओची परवानगी काढून नवा नंबर आरसीवर चढवूनही घेतला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असतं त्यासाठी. मी आता कलमंसुद्धा सांगायला लागलोय, बघा!

पण घराणं तेच म्हणजे काय? इथे तो आकडा येतो. या इंजिनाचं नावच ४८३! यातला ४ म्हणजे चार सिलिंडर. आणि ८३ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर! एवढंच! इतकी वर्षं ट्रकवाल्यांच्या तोंडी ६९७, ४९७ ऐकत आलो, आणि त्यात सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर असा सगळा हिशेब उघड लिहिलेला होता! कागद घ्या जरा. घ्याच! व्यास ८.३ सेंटिमीटर, पिस्टनची धाव ९. शाळेतलं दंडगोलाचं घनफळ काढा. एका सिलिंडरचे ४८७ घन सेंटिमीटर. गुणिले चार, १९४८! आणि आरसीवर सीसीच्या रकान्यात काय आहे? १९४८! मी उस्तादांच्या बाकड्यावर बसून हे गणित केलं आणि अक्षरशः ओरडलो!

आणि हेच इंजिन टाटामोबाइल पिकअपला, हेच एस्टेटला, हेच १९९४ मध्ये आलेल्या सुमोला! बीडच्या रस्त्यांवर माणसं, शेळ्या, खताची पोती वाहणाऱ्या गाड्यांना जे इंजिन, तेच शहरी हौशी सिएराला! सिएराच्या त्या इंजिनावर नंतर टर्बो बसला. साठ-बासष्ट हॉर्सपॉवरचं इंजिन नव्वदीच्या आसपास गेलं!

टर्बो पाहिलाय कधी? ओंजळीत मावतो! सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर आधी त्याच्यातून जातो, एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जळतं, म्हणून जास्त ताकद. फुकट जाणाऱ्या धुरावर! आल्फ्रेड ब्यूकी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. आणि तो दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतो! त्याला वंगण इंजिनच्याच ऑइलचं. सुमोच्या ब्लॉकवर टर्बो नव्हता, म्हणून ऑइल टर्बोपर्यंत नेणारी बारीक नळी आणि ते परत चेंबरमध्ये सोडणारी जाड नळी तेव्हा उस्तादांनीच स्वतः बसवली होती. हाताने वाकवलेली! मी तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं. थेंबभर गळती नाही! आणि गाडी थांबवली की लगेच चावी फिरवायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं. मी आता हे रोज करतो आणि ते मिनिट मला फार आवडतं.

आणि मग मांजरसुंब्याचा घाट! बीड सोडलं, चढ सुरू झाला, तिसऱ्या गिअरवर टाकली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आधी काहीच नाही. आणि मग एक बारीक शीळ, आणि मग ती शीळ चढत गेली, आणि मग पाठ सीटला टेकली आणि गाडी उचललीच! सुमोचा ब्लॉक, टर्बो सिएराचा, नळी उस्तादांची, आणि समोर बालाघाटचा डोंगर! कपिलधारच्या फाट्यापर्यंत मी एकटाच मोठमोठ्यानं बोलत होतो.

परदेशात जुन्या गाड्यांचे शौकीन मूळ इंजिन नंबर जुळतो का ते आधी बघतात, नाही जुळला तर किंमत घसरते. आपल्याकडेही ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेजचा मान हवा तर ती मूळ स्वरूपात लागते. संग्रहालयासाठी ते बरोबरच आहे. पण माझ्या दोन आरसी शेजारी शेजारी ठेवून बघा! हिच्यात बीडच्या प्रवाशांना वाहिलेला ब्लॉक आहे, आणि तो नंबर झाकावा असं मला क्षणभरही वाटत नाही. मी ती पेन्सिल प्रिंट फ्रेम करून घेतोय!

आता येत्या रविवारी धारूरचा घाट. परळीपर्यंत जाऊ. तुम्ही मागे बसा, त्या काचेखाली. पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं, जरा डोकं सांभाळा. पाण्याचा कॅन मी घेतलाय!