मास्क, ऊन आणि घोटभर पाणी

१३ मे २०२२, शुक्रवार. अकोला

गुढीपाडव्यापासून राज्यातली मास्कसक्ती गेली. बाजारात आता सगळे उघडे चेहरे दिसतात, आणि ते पाहून खरंच बरं वाटतं. माझ्या भावाचा, संजूचा मास्क मात्र उतरलेला नाही. आईनं दिलेली किडनी त्याच्या अंगात टिकावी म्हणून तो सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी टॅक्रोलिमस घेतो. हे औषध प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतं, नाहीतर शरीर त्या किडनीला परकी समजून नाकारील. दाबलेली शक्ती मग जंतूंशीही नेटानं लढत नाही. लसही अशा रुग्णांना इतरांइतकी लागू पडत नाही.

दोन वर्षं घरात काढलेल्या माणसाला चिखलदरा पाहायचा आहे. यंदा मार्चपासूनच आग लागली आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला इतका तापलेला मार्च नाही, असं हवामान खात्यानं सांगितलं. डॉक्टरांनी परवानगी दिली ती तीन अटींवर: गर्दीत मास्क, भरपूर पाणी, ऊन टाळायचं. या अटी कागदावर सोप्या दिसतात, पण एकमेकींच्या आड येतात. तोंडावर मास्क असला की माणूस पाणी पुढे ढकलतो. काढा, प्या, पुन्हा लावा, याचा कंटाळा येतो, आणि भोवती माणसं असली की भीती वाटते. किडनीच्या रुग्णाला हे परवडणारं नाही. मास्कनं गुदमरायला होतं याचीच चर्चा सगळे करतात. मला काळजी आहे ती न प्यालेल्या पाण्याची.

रात्री बॅग भरली. मोकळ्या जागेसाठी साधे तीन पदरी, गर्दीसाठी एन-९५. दोन्हींत मधल्या थराच्या धाग्यांवर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. साबणाच्या पाण्यानं तो भार जातो, म्हणून हे मास्क धुऊन वापरायचे नाहीत. झडपेचा एन-९५ आतून कमी तापतो, पण घालणाऱ्याचा श्वास न गाळताच बाहेर सोडतो. २०२० च्या जुलैत केंद्रानं त्याविरुद्ध सांगितलं ते याचसाठी. संजूला स्वतःला जपायचं आहे, त्याला झडप चालली असती. पण सोबत आई आहे आणि तिला आता एकच किडनी आहे. बिनझडपेचेच घेतले.

१४ मे, शनिवार. चिखलदरा

पहाटे निघालो. अकोट, अंजनगाव करत परतवाड्याला पोचेस्तोवर काचा तापायला लागल्या होत्या. धामणगाव गढी सोडून घाट चढू लागलो तसा वारा बदलला. हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि चिखलदरा अकराशे मीटरवर आहे. वऱ्हाडातल्या माणसाला हा फरक कातडीवर कळतो. तरी दुपारचं ऊन इथंही ऊनच.

आईचा उपाय तयार होता. "काढ तो मास्क अन् माहा दुपट्टा ओला करून बांध ना. गार वाटते." आपल्याकडे हे बाळपणापासूनचं: डोक्याला, कानाला, तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय मे महिन्यात कोणी उंबरा ओलांडत नाही. लू लागू नये म्हणून हे शहाणपण खरंच आहे. पण साध्या कपड्याची वीण बारीक कणांना अडवत नाही. आणि मास्क ओला झाला की त्यातून हवा यायला अडते. श्वास जोरानं ओढावा लागतो आणि हवा कडेच्या फटींतून आत येते. ओल डोक्याला आणि मानेला हवी, तोंडाशी सगळं कोरडं. आईला पटलं. तिनं दुपट्टा भिजवून पिळला आणि संजूच्या डोक्या-मानेवर स्वतः बांधला.

डॉक्टरांनी सांगितलेलं एक आठवलं. मास्कनं अंगाचं तापमान फारसं वाढत नाही. तापतो तो चेहरा. ओठांभोवती उष्ण वाफ साचते, चेहऱ्याची कातडी उष्णतेला फार हळवी, म्हणून सगळं अंगच भाजतंय असं वाटतं. हे कळल्यावर संजूची घाबरगुंडी कमी झाली. मान गार ठेवली, मास्क वेळेत बदलला की त्याला निभतं.

१५ मे, रविवार. चिखलदरा

सूर्य वर यायच्या आत गाविलगड. तटावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. "ताई, काढू का?" म्हणाला. काढ म्हटलं. मोकळ्या वाऱ्यावर, माणसं दूर असताना मास्क लावून बसण्यात अर्थ नाही; उलट हीच पाणी पिण्याची जागा. तो बाटली घेऊन बसला आणि सावकाश पीत राहिला. बहमनींच्या काळातला हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतला, हे तो आईला सांगत होता. इतकं सलग बोलताना त्याला मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

देवी पॉइंटला कसोटी लागली. पायऱ्या उतरून खडकाच्या पोटात देवीचं ठाणं, वरून पाणी ठिबकतं, उन्हाळ्यातही आत गारवा. आणि त्याच गारव्यासाठी रविवारची सगळी गर्दी त्या कोंदट जागेत खेटून उभी. उन्हातल्या कुठल्याही पर्यटनस्थळी हेच होतं: सगळ्यात गार कोपरा तोच सगळ्यात कोंडलेला. एन-९५ चढवला, नाकावरची पट्टी दाबली, दर्शन घेऊन लगेच बाहेर. रेंगाळायचं ते झाडाखाली, वारा ज्या बाजूनं येतो तिकडे तोंड करून, घोळक्यापासून लांब. तिथं घामेजलेला मास्क कागदी पिशवीत, हात पुसून नवा, मधल्या वेळात पाणी. रबडीच्या दुकानाकडे तो पाहत होता. उघड्यावरचं नको हे त्यालाही ठाऊक आहे. पाहून पुढे झाला. मला फार वाईट वाटलं.

एका मुलानं त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "यांले कोरोना झाला का?" संजूनंच उत्तर दिलं: "नाही रे, होऊ नये म्हणून."

दुपारी बारा ते चार खोलीत. ही वेळ गाळली की निम्मी लढाई उरतच नाही.

१६ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

आज मेळघाटात मचाणावर बसायला निघालेली मंडळी सकाळी नाक्यावर दिसली. पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायची. संजूला जायचं होतं. रात्रीचं जागरण आणि गोळ्यांच्या वेळा जमत नाहीत, म्हणून नाही म्हटलं.

कानामागे नाड्यांनी लाल झालंय. पुढच्या वेळी डोक्यामागे बांधायचे मास्क आणायचे. पाणी किती प्यायला ते आईनं डायरीत लिहून ठेवलंय, कालचा आकडा घरच्यापेक्षा जास्त आहे. गुरुवारी क्रिएटिनिन तपासायचं, तेव्हा ते पान डॉक्टरांना दाखवू आणि पावसाळ्यात पुन्हा यायचं विचारू.