नायगावात सूत रंगवायचं तर

विणकामाचा धागा घरी रंगवण्याविषयी जी माहिती सहज मिळते ती बहुतेक लोकरीची असते. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या नायगावात थंडी दिवाळीनंतर जेमतेम दोन-अडीच महिने टिकते, आणि दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. रंगवण्याच्या अनुभवातून माझं मत ठाम झालं आहे: आपल्याकडे घरी रंगवायला खरा धागा सुताचाच, आणि सुतावर मेहनत करायची ती रंगात बुडवण्याआधी.

याचं कारण धाग्यातच आहे. मेंढीची लोकर म्हणजे केसासारखं प्रथिन. आंबट केलेल्या गरम पाण्यात ॲसिड रंग तिला घट्ट धरतो. ॲक्रिलिक हे कारखान्यात बनलेलं प्लास्टिक. झेंडू किंवा डाळिंबाच्या सालीचा रंग त्यावर नीट बसतच नाही. शंका असेल तर धाग्याचं टोक जाळून पाहावं. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, सूत कागदासारखं जळून हलकी राख उरते. पुष्कळ जणींचा पहिला प्रयत्न फसतो आणि दोष रंगाला दिला जातो. चुकलेली असते ती धाग्याची निवड.

सूत तर आपल्या घरचं. नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे, एनएचएच-44 हे संकरित वाण तिथलंच. पण कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं आणि वनस्पतींचे बहुतेक रंग त्याला आपणहून चिकटत नाहीत. म्हणून धाग्याची लड करून ती तीन-चार ठिकाणी सैल बांधायची, धुण्याच्या सोड्यात उकळून मेण काढायचं, मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायची, त्यानंतर तुरटीच्या पाण्यात. हिरड्यातलं टॅनिन सुताला धरतं आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम त्या टॅनिनला. तुरटी सुताच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के घ्यावी, तीही वजन करून. चमच्याच्या अंदाजावर भरवसा ठेवू नये. एवढं झालं की झेंडूचा पिवळा किंवा मंजिष्ठेचा विटकरी लाल बसायला फार वेळ लागत नाही. लडीची बांधणी घट्ट राहिली तर तिथे पांढरे पट्टे उरतात. पाण्याकडेही लक्ष हवं. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात लोह असेल तर हिरड्याशी जुळून पिवळा मळकट होतो. पावसाचं साठवलेलं पाणी यासाठी फार चांगलं. आणि रंगाचं पातेलं स्वयंपाकात परत कधीच वापरायचं नाही, हे मी आग्रहाने सांगते.

रंगीत धागा स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असं विचारलं जातं. पैशांचा हिशेब केला तर प्रश्न रास्त आहे. सोडा, तुरटी, सरपण आणि वेळ धरला तर घरचा रंग स्वस्त पडत नाही. पण बाळाच्या टोपड्यासाठी उन्हाळ्यातही सोसेल असं सूत मनाजोगत्या छटेत दुकानात शोधूनही सापडत नाही. दुसरा आक्षेप रंग उडण्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. हळद उन्हात फिकी पडते, साबण लागला की लालसर होते; तिला मी पक्क्या रंगांत धरत नाही. करडईचंही तसंच. मराठवाड्याचं हे खास पीक. दाणे भरल्यावर वाळलेल्या पाकळ्या खुडल्या तर तेलाचं नुकसान होत नाही. त्यातला पिवळा साध्या पाण्यात सुटतो, लाल मात्र खाराच्या पाण्यात सोडवून, आंबट घालून सुतावर उतरवावा लागतो. त्यातून येणारा गुलाबी फार देखणा, पण उन्हापुढे टिकत नाही. म्हणून तो घरात वापरायच्या वस्तूला द्यावा, अंगणात वाळणाऱ्या कपड्याला मंजिष्ठा द्यावी. नैसर्गिक म्हणजे सगळं टिकाऊ, असं सांगणाऱ्यांनी या कलेचं नुकसानच केलं आहे.

राहिला दोन लडी सारख्या न होण्याचा प्रश्न. एका वस्तूचं सगळं सूत एकाच घाण्यात रंगवणं हा त्यावरचा पहिला उपाय. तरी फरक राहिलाच, तर दोन गुंडे सोबत घेऊन दोन ओळी एकाच्या, दोन दुसऱ्याच्या अशा विणाव्यात. छटा आपोआप मिसळतात.