घरच्या बाईला बोलतं करणारी रूबी

मैत्रिणींनो, 'तुम्ही काय करता?' असं कुणी विचारलं की आपल्या तोंडून पटकन निघतं, 'काही नाही, घरीच असते.' पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंतचा अख्खा दिवस त्या 'काही नाही'त मावतो! हे वाक्य ऐकलं की मला रूबी ग्रिअर्सन आठवते.

रूबी स्कॉटलंडची. आधी शिक्षिका होती. मोठा भाऊ जॉन ग्रिअर्सन म्हणजे ब्रिटिश माहितीपटांचा जनकच म्हणा ना! पुढे रूबीही त्याच कामात शिरली.

१९३५ साली 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' हा माहितीपट निघाला. लंडनमधल्या स्टेप्नी भागातल्या गलिच्छ वस्तीचा. दिग्दर्शक दोघे पुरुष, पैसा गॅसवाल्यांच्या संघटनेचा. पण लोकांना बोलतं केलं ते रूबीनं. 'कॅमेरा तुमचा, माईक तुमचा, आता कसे दिवस काढता ते बेधडक सांगा,' अशा अर्थाचं काहीतरी ती त्यांना म्हणाली म्हणे. आणि साध्यासुध्या बायका किडे, उंदीर, मोडकळलेल्या भिंती यांविषयी स्वतःच्या शब्दांत बोलल्या. तज्ज्ञांनी भाषणं करायची आणि गरिबांनी नुसतं दिसायचं, ही रीत तिथं मोडली.

१९३७ च्या 'टुडे वी लिव्ह'मध्ये रूबीनं खेड्यातल्या बायका दाखवल्या. जुन्या कोठाराचं गावासाठी सभागृह करायला धडपडणाऱ्या! १९४० साली, ऐन युद्धात, तिनं 'दे ऑल्सो सर्व्ह' केला. जेमतेम दहा मिनिटांचा. नायिका कोण? एक आई. ना बंदूक, ना गणवेश. नवऱ्याचं, मुलीचं, शेजारणीचं सगळं निभावणारी. तो माहितीपट ब्रिटनच्या गृहिणींना अर्पण केलेला आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुलांना बॉम्बहल्ल्यांपासून दूर कॅनडाला नेणाऱ्या बोटीतून रूबी निघाली. त्या मुलांवर तिला माहितीपट करायचा होता. बोटीचं नाव 'सिटी ऑफ बनारस', आणि तिच्यावर आपल्याकडचे खलाशीही पुष्कळ. १७ तारखेच्या रात्री जर्मन पाणबुडीनं ती बुडवली. सरकारी योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ गेली. रूबीही गेली, पस्तिशीच्या आसपास. अजूनही पुष्कळदा तिची ओळख 'जॉनची बहीण' अशीच करून देतात.

मला तिच्यात भावतं ते एकच. बायकांच्या वतीनं ती बोलली नाही, तिनं त्यांनाच बोलू दिलं. अहो, घर कसं असावं हे त्यात राबणारीला नाही कळणार तर कुणाला? आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या वेळेचा विषय निघाला. पुरुषमंडळी ठरवून मोकळी होणार, तोच मी उठले. म्हटलं, पाणी भरतं कोण? क्षणभर सगळे गप्प. मग मागून दोघी-तिघी बोलू लागल्या, आणि वेळ आमच्या सोयीची ठरली.

तेव्हा ओट्याची उंची असो की महिन्याचा हिशेब, तुमच्या घराचं काही ठरत असेल तर चहा देऊन आत जाऊ नका. तिथंच बसा, आणि बोला.